घोडा आणि घाटवाट (भाग ६) : सौद्याआधी पाय पाहा

गेल्या भागात आपण घोड्याचा खुराक आणि तबेला यांचा विचार केला. आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू.

नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबी असे नाना जातींचे घोडे तिथे येतात. भाव चढतो तो उंचीवर, रंगावर, गळ्यावरच्या देवमणावर आणि नाचावर. वरातीसाठी किंवा प्रदर्शनासाठी घोडा घेणाऱ्याने ते जरूर पाहावं. पण मोटारगाड्यांना बंदी असलेल्या माथेरानमध्ये लाल माती आणि जांभ्या दगडांवरून माणूस वाहून नेणाऱ्या घोड्याला यातलं काहीच कामाला येत नाही. त्याला हवेत मजबूत खूर, निरोगी पाय आणि शांत स्वभाव. या गुणांना बाजारात फारसं कोणी विचारत नाही, आणि जाणत्या गिऱ्हाइकाचा फायदा नेमका तिथेच असतो.

सुरुवात खुरांपासून करा. चारही पाय एकेक करून उचलायला लावा. पाय मुकाट्याने हातात देणारा घोडा माणसाळलेला आहे, हे तिथेच कळतं. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. तो भरीव आणि कोरडा हवा. दाबल्यावर काळा चिकट स्राव आला, कुजका वास आला, तर खूर सडायला लागलेला आहे. खुराच्या भिंतीला उभ्या भेगा असतील किंवा नालेचे खिळे धरत नसतील, तर डोंगरात रोज नालबंद शोधायची वेळ येईल.

मग कडक जमिनीवर, लगाम सैल ठेवून, दुडक्या चालीने पळवा. मऊ वाळूत लंगडेपणा लपतो. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर झटकतो. मान एका लयीत राहिली तर त्याला उतारावरून खाली आणा. चढ बहुतेक घोडे चढतात, पारख होते ती उतारावर.

वयासाठी दात पाहा. समोरच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. नवख्या स्वाराने कोवळं जनावर घेऊ नये. सात ते बारा वर्षांचा, वाटेवर काम केलेला घोडा त्याला सांभाळून घेतो. अनेक घोडे एकत्र चालणार असतील तर नरापेक्षा घोडी किंवा खच्ची केलेला घोडा बरा.

ओझ्याचा हिशेब टेप घेऊन करा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. येईल ते अंदाजे किलोतलं वजन. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर घोडा साधारण 323 किलोचा. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नयेत. म्हणजे या घोड्यावर 65 किलोच्या आतच. नव्वद किलोच्या पर्यटकाला त्याच्यावर बसवणं हा अन्याय आहे.

स्वभाव पाहायचा तर न कळवता जा. गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच दमवलेला घोडा शांतच दिसतो. त्याला सोबत्यांपासून दूर एकटा न्या, जवळून मोटारसायकल जाऊ द्या, प्लॅस्टिकची पिशवी फडफडू द्या. तो दचकला तरी चालेल, पण लगेच सावरला पाहिजे.

पैसे देण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. ग्लँडर्सच्या रक्तचाचणीत सूट देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावराला मारावं लागतं. धनुर्वाताची लस कधी दिली तेही विचारा.

विकणाऱ्यांनाही एक कळकळीची विनंती. घोड्याची खोड असेल तर सांगून विका. लाथ मारतो, पाण्यात शिरत नाही, एकटा चालत नाही, हे लपवलं तर वाटेत एखाद्या लेकराचा हात मोडतो आणि घोडा दारोदार विकला जातो. त्याच्याबरोबर त्याचं खोगीर आणि आठवडाभराचा नेहमीचा खुराक द्या, कारण खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावूही शकतं.

पुढच्या आठवड्यात : भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा आणि घाटवाटेसाठी त्याची लायकी.