खाडीपलीकडचा संत

भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत कोण, असं मीरा-भाईंदरच्या मुलांना विचारलं, तर बहुतेक जण केरळच्या अल्फोन्सा यांचं नाव घेतील. अल्फोन्सा यांना संतपद मिळालं २००८ साली. त्याच्या १४६ वर्षं आधी, ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांनी आपल्या वसईच्या एका माणसाला संत घोषित केलं होतं. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. भाईंदरनंतर नायगाव, नायगावनंतर वसई रोड. दोन स्टेशनांवरचा हा माणूस आपल्या मुलांना ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्याचं एक कारण उघड आहे. उत्तन, डोंगरी, भाईंदर हा सगळा भाग मुंबई महाधर्मप्रांतात येतो आणि खाडी ओलांडली की १९९८ साली स्थापन झालेला वसई धर्मप्रांत सुरू होतो. त्यामुळे गोन्सालो ‘वसईकरांचा संत’ ठरला. पण त्याच्या काळात अशी वाटणी नव्हती. १५३४ च्या तहानंतर वसई आणि तिच्याबरोबर आपलं साष्टी बेटही पोर्तुगीजांकडे गेलं आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेईपर्यंत खाडीच्या दोन्ही काठांवर एकच अंमल होता. गोन्सालोचा जन्म त्याच काळातला, १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. किल्ल्यातल्या जेझुइट फादरांकडे तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजात बसून जपानला गेला.

आपल्याकडच्या तसबिरींत तो दिसतो तो चाळिशीचा, क्रूस हाती घेतलेला. मला मात्र त्याचं तरुणपण जास्त जवळचं वाटतं. परक्या मुलखात गेलेल्या या मुलानं जपानी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे तीच त्याची ओळख झाली. आठ वर्षं त्यानं तिथं धर्मशिक्षकाचं काम केलं. जेझुइट व्हायची त्याची तीव्र इच्छा होती, पण संघात प्रवेश मिळाला नाही. त्याची आई इथली होती हे त्यामागचं कारण असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. ज्या कामासाठी घर सोडलं तिथंच दार बंद झालं. मग तो व्यापारात पडला, त्यात जम बसवला, पण मन रमलं नाही. फिरत फिरत मनिलाला पोचला आणि तिथं फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून.

गोष्ट इथं पालटते. जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याच्याकडे मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरानं १५९३ साली फ्रान्सिस्कन शिष्टमंडळ पाठवलं. प्रमुख होते फादर पेद्रो बाउतिस्ता, पण दरबारात बोलणार कोण? जेझुइटांनी न स्वीकारलेला वसईचा तो पोरगा आता दुभाषी म्हणून हिदेयोशीसमोर उभा राहिला. परवानगी मिळाली आणि क्योटोत चर्च उभं राहिलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना निघाला.

१५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागलं. धर्मगुरूंच्या मागून स्पेनचं सैन्य येतं, असं काहीसं जहाजावरचा एक अधिकारी बोलून गेल्याचं सांगतात. मिशनऱ्यांविरुद्धचा हुकूम १५८७ पासून होताच, आता हिदेयोशीचा संशय पेटला. धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत त्यांना शेकडो किलोमीटर दूरच्या नागासाकीकडे नेलं. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत आणखी दोघे त्यांत सामील झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा संसारी भाविक. वीस जण जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा.

या सव्वीस जणांत तीन मुलं होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा. धर्म सोड, तुला सोडतो, असं लुईसला सांगितलं गेलं, त्यानं नकार दिला. तिसरा थॉमस कोझाकी, चौदा-पंधरा वर्षांचा, वडील मिगेल यांच्याबरोबर चालणारा. मिहारा इथल्या मुक्कामात त्यानं आईला पत्र लिहिलं. माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, अशा अर्थाचा मजकूर. पत्र आईपर्यंत पोचलं नाही. वडिलांच्या देहावरच्या कपड्यांत ते सापडलं, असं परंपरा सांगते. त्याचं पोर्तुगीज भाषांतर तेवढं उरलं आहे. मरणाच्या वाटेवरही आईचा आणि भावांचा विचार करणाऱ्या या पोराबद्दल वाचताना डोळे भरून येतात. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सगळ्यांना क्रुसावर बांधलं आणि भाल्यांनी भोसकून ठार केलं.

१६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्य घोषित केलं गेलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं. १९६२ साली निशिझाकावर शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेलं स्मारक उभं राहिलं. सव्वीस पूर्णाकृती कांस्यमूर्ती ओळीनं उभ्या आहेत, त्यात आपला गोन्सालोही आहे. वसईत गास गावी त्याच्या नावाचं देऊळ आहे, वसईचं महाविद्यालय त्याच्या नावानं चालतं आणि नाताळानंतरच्या पौर्णिमेच्या जवळच्या रविवारी त्याचा सण होतो. भाईंदरच्या बाजूला भक्तीची कमतरता नाही. उत्तनच्या वेलंकनी मातेच्या सणाला सप्टेंबरात माणसांचा पूर लोटतो, मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसांपाशी जपमाळ होते. अलीकडे कार्लो अक्युतिसची तसबीरही दिसू लागली आहे. लंडनमध्ये १९९१ साली जन्मलेला, मिलानमध्ये वाढलेला, संगणकात रमलेला, रक्ताच्या कर्करोगानं पंधराव्या वर्षी गेलेला हा मुलगा ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांच्या हस्ते संत झाला. जीन्स आणि बूट घातलेला संत मुलांना आपला वाटतो, हे मला फार चांगलं वाटतं.

पण त्या तसबिरीशेजारी गोन्सालोची तसबीर हवी. मीरा रोडच्या इमारतींत आज मंगळुरू, गोवा, केरळ, वसई अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं राहतात. त्यांच्या घरांत दोन-दोन, तीन-तीन भाषा बोलल्या जातात. दुसऱ्यांची भाषा शिकून त्यांचा झालेला, एका दारातून परत पाठवला गेल्यावरही सेवेची वाट न सोडलेला माणूस या मुलांना कार्लोइतकाच जवळचा वाटेल, अशी माझी खात्री आहे. फक्त तो त्यांना पंधरा वर्षांचा भेटायला हवा, लुईस, अंतोनियो, थॉमस यांच्यासोबत. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यासाठी एक रविवार काढता येईल.

यंदा नाताळ झाला की मुलांना लोकलनं किंवा भाईंदर जेट्टीवरून रो-रोनं वसईला न्या. आधी किल्ला दाखवा, मग गासच्या सणाला जा, आणि थॉमसच्या पत्राची हकीकत त्यांना तिथंच सांगा.