दुचाकीचा श्वास आणि नगरची धूळ

पावसाळा सरून दोन-अडीच महिने झाले की पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या पट्ट्यातील कच्च्या रस्त्यांचे रूप पालटते. चिखलात उमटलेल्या चाकोऱ्या वाळतात आणि ट्रॅक्टर व उसाच्या ट्रॉल्यांखाली त्यांची बारीक भुकटी होते. पुढे ट्रॅक्टर आणि मागे दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल, हे दृश्य मग रोजचेच. दुचाकीस्वार नाकातोंडाला रुमाल गुंडाळतो, डोळे बारीक करतो आणि वाट काढतो. त्याच्या मांडीखाली धडधडणारे इंजिनही त्याच धुळीत श्वास घेत असते. त्याचा रुमाल म्हणजे एअर फिल्टर, अर्थात हवा गाळणी. रुमाल संध्याकाळी धुतला जातो. गाळणीची आठवण मात्र गाडी चढाला दम टाकू लागल्यावर होते.

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाला. बोलण्यात तो अजून नगरच आहे. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीचा मुसळधार पावसाचा कोपरा सोडला, तर बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षातील मोठा काळ येथील रस्ते कोरडे असतात. त्यात मुरूम टाकून केलेले शिवाररस्ते आणि कुठे ना कुठे चाललेली रस्तारुंदीकरणाची कामे. परदेशात ‘डर्ट बाइक’ हा हौशी लोकांचा, शर्यतीच्या मैदानावरचा प्रकार मानला जातो. नगरच्या ग्रामीण भागात शंभर सीसीची साधी मोटारसायकल तेच काम करते, तेही पाठीवर खताची गोणी घेऊन.

इंजिन किती हवा घेते याची कल्पना सहसा नसते. एक भाग पेट्रोल नीट जळण्यासाठी वजनाने जवळपास पंधरा भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो धरले, तर त्यासाठी अकरा किलो हवा हवी. आकारमानात ही हवा नऊ ते दहा हजार लिटर भरते. म्हणजे टाकीतील प्रत्येक लिटरमागे पाण्याच्या मोठ्या टँकरभर हवा गाळणीतून ओढली जाते आणि त्या हवेत जे काही तरंगत असेल तेही सोबत येते.

ही धूळ मऊ नसते. दख्खनच्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन येथील मुरूम आणि माती तयार झाली. त्यातील फेल्डस्पार, पायरॉक्सिन ही खनिजे मोहच्या काठिण्यश्रेणीत सहाच्या आसपास बसतात; वाळूतील क्वार्ट्‌झ तर सातवर. पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिंडरचे बिडाचे अस्तर त्यांच्यापुढे मऊ पडते. विशेष म्हणजे डोळ्यांना दिसणारे मोठे कण फारसे घातक नसतात. पाच ते वीस मायक्रॉनचे कण खरा घात करतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, तेव्हा हे कण किती सूक्ष्म हे ध्यानात यावे. पिस्टनची रिंग आणि सिलिंडर यांच्यामधील तेलाचा थर जवळपास याच जाडीचा असतो. कण त्या फटीत नेमका अडकतो आणि दोन्ही बाजू खरवडत राहतो. पुढे तो इंजिन ऑईलमध्ये उतरून बेअरिंगांपर्यंत पोहोचतो. रिंग झिजल्या की गाडी ‘ऑईल खाऊ’ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि मेकॅनिक ‘बोअर-पिस्टनचे काम निघाले’ असे सांगतो. रोजच्या दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च जड जातो, आणि गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली तेवढे दिवस दूध डेअरीपर्यंत न्यायचे कसे हा प्रश्न वेगळाच.

या धुळीशी नगरचे नाते जुने आहे. लष्कराचे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र येथेच आहे, वाहनांवर संशोधन करणारी ‘व्हीआरडीई’ ही संरक्षण संस्था येथेच आहे आणि खारे कर्जुनेच्या सरावक्षेत्रात रणगाड्यांनी उडवलेले लोट नगरकरांना नवे नाहीत. शहरातील रणगाडा संग्रहालयात मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन हे दुसऱ्या महायुद्धातील रणगाडे पाहायला मिळतात. त्या जातीचे रणगाडे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढले आणि तेथे शत्रूच्या तोफांइतकाच धुळीनेही इंजिनांचा बळी घेतला. आज फिल्टरची परीक्षा ‘आयएसओ ५०११’ या मानकानुसार होते. त्यासाठी ठरावीक आकाराच्या कणांची धूळ वापरतात आणि ती प्रमाणित धूळ मूळची अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या प्रदेशातली. करंजी घाटाखालची धूळ त्यांना दाखवावी, असे एखाद्या नगरकराच्या मनात आले तर नवल नाही.

गाळणीचे प्रकार मात्र नीट ओळखले पाहिजेत, कारण निम्म्या चुका तेथेच होतात. शर्यतीच्या डर्ट बाइकला फोमची, म्हणजे पॉलियुरेथेनच्या स्पंजची, गाळणी असते. यामाहाच्या आरएक्स १०० सारख्या जुन्या गाड्यांतही तेल लावलेला फोमच होता. आजच्या बहुतेक प्रवासी मोटारसायकलींत घड्या घातलेल्या कागदाची गाळणी येते. तिच्यातही दोन पोटप्रकार आहेत. एक कोरडा कागद आणि दुसरा कारखान्यातच चिकट तेलात भिजवलेला कागद. होंडाच्या अनेक दुचाकींत हा दुसरा प्रकार आढळतो.

कागद चाळणीसारखे काम करतो. छिद्रापेक्षा मोठा कण अडतो. फोमचे तत्त्व निराळे आहे. त्याची छिद्रे धुळीच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असतात, त्यामुळे कोरडा फोम बारीक धूळ अडवूच शकत नाही. हवेला मात्र त्या स्पंजातून शेकडो वळणे घेत जावे लागते. हवा वळते, जड कण सरळ जाऊ पाहतो, भिंतीवर आदळतो आणि तेथील चिकट तेलात रुततो. अडवण्याचे काम तेल करते, फोम हा केवळ त्या तेलाला धरून ठेवणारा सांगाडा. म्हणूनच फोम धुऊन, वाळवून, तेल न लावता बसवणे म्हणजे दार सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. गावातल्या गॅरेजांत हे वारंवार घडते. गाळणी स्वच्छ दिसते, गिऱ्हाईक खूश होते आणि इंजिन आतून घासत राहते.

धुण्याची रीत सोपी आहे, घाई तेवढी नको. आधी गाळणीच्या खोक्याभोवतीची माती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर झाकण उघडताच ती आत पडते. फोम बाहेर काढल्यावर इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. शर्यतपटू यासाठी खास झाकण वापरतात. त्याआधी त्या नळीच्या आतून एकदा बोट फिरवून पाहावे. बोटाला कचकच लागली, तर धूळ गाळणीला चुकवून आत जात आहे हे निश्चित. मग दोष फोममध्ये नसून बसवण्यात किंवा तडकलेल्या रबरी नळीत असतो.

फोम आधी तेल विरघळवणाऱ्या द्रावणात धुवावा लागतो. यासाठी खास क्लीनर मिळतो. पूर्वी सर्रास रॉकेल वापरत, पण ते आता गावोगाव सहज मिळत नाही. पेट्रोल मात्र वापरू नये. त्याची वाफ क्षणात पेट घेते, शिवाय फोमचे तुकडे जोडणारा डिंक त्याने सैल होतो आणि शिवणी उकलतात. फोम पिळू नये, मुठीत दाबावा. कपड्यासारखा पीळ दिला की तो फाटतो. द्रावणानंतर कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रवरूप साबण, मग स्वच्छ पाणी. पाण्याचा गढूळपणा जाईपर्यंत हे चालू ठेवावे. वाळवणे सावलीतच, कारण कडक ऊन फोमला ठिसूळ करते. या टप्प्यावर घाई अंगलट येते. फोम आतून ओला राहिला तर तेल त्याला धरत नाही. धुतलेला फोम उजेडासमोर ताणून पाहावा. बोटाने चुरा पडू लागला किंवा शिवण सुटली असेल तर त्याचे आयुष्य संपले, हे मान्य करावे.

आता तेल. फोमसाठीचे खास तेल बाटलीत पातळ असते, कारण त्यात उडून जाणारे द्रावक मिसळलेले असते. लावल्यानंतर द्रावक उडते आणि मागे मधासारखा चिकट थर उरतो. इंजिन ऑईलला हा गुण नाही. उभ्या गाडीत ते गुरुत्वाकर्षणाने खाली ओघळते. फोमचा वरचा भाग कोरडा पडतो आणि खालच्या भागात तेल साचून हवेची वाट अडते. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत इंजिन ऑईल लावण्यास सांगितलेले असे, हे खरे; पण मग ते वरचेवर लावावे लागे. फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्यावर तेल ओतून बाहेरून मळला, की तेल सर्वत्र सारखे पसरते आणि हातही माखत नाहीत. रंग सगळीकडे एकसारखा दिसला पाहिजे. फिकट डाग म्हणजे कोरडी जागा. जादा तेल दाबून काढावे. फोममधून तेल ठिबकत असेल तर ते कार्बोरेटरकडे ओढले जाते आणि गाडी सुरू व्हायला त्रास देते. त्यानंतर काही तास, शक्य तर रात्रभर, तो तसाच ठेवावा. शेवटी काठावर ग्रीसचा पातळ थर देऊन फोम बसवावा. बहुतेक वेळा धूळ फोममधून जात नाही, काठावरून जाते.

‘डकार’ सारख्या वाळवंटी शर्यतींत प्रत्येक मुक्कामी मेकॅनिकची पहिली कामे याच जातीची असतात. सी. एस. संतोष २०१५ साली ही शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला आणि हरित नोहाने २०२४ मध्ये रॅली-२ या गटात विजय मिळवला. तेथील पथके आधीच तेल लावलेल्या गाळण्या पिशव्यांत तयार ठेवतात. जुनी काढायची, नवी घालायची. दोन फोम घेऊन ही युक्ती नगरचा हौशी स्वारही करू शकतो, एक गाडीत आणि एक पिशवीत.

कागदी गाळणीच्या बाबतीत यातले काहीही करू नये. कागदाला तेल लावले की त्याची छिद्रे बुजतात. पाण्याने धुतला तर तंतू फुगून त्याची रचनाच बिघडते. चिकट तेलाच्या कागदावर हवेचा झोतही मारायचा नसतो, तो ठरलेल्या अंतरानंतर बदलायचा असतो, आणि धुळीच्या भागात त्या अंतराच्या बराच आधी. कोरडा कागद हलक्या दाबाने, आतून बाहेर, झटकता येतो. गॅरेजवाल्याचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात, तोही बाहेरून आत मारला तर कागदाला न दिसणारी भोके पडतात. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. थोडा मळलेला कागद नव्यापेक्षा अधिक बारीक गाळतो, कारण त्यावर बसलेली धूळच चाळणी बनते. त्यामुळे दर आठवड्याला उघडून फुंकणारा काळजीवाहू मालक कधीकधी निष्काळजी मालकापेक्षा अधिक नुकसान करतो. अर्थात गाळणी पार तुंबली, तर कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रणात पेट्रोल जास्त होते, प्लग काळा पडतो आणि अ‍ॅव्हरेज घसरते.

सर्वांत वाईट खोड तरुणांची आहे. ‘पिकअप वाढतो’ म्हणून गाळणी काढूनच टाकणे किंवा आवाजासाठी खोक्याला भोके पाडणे. हवा वाढते, पण कार्बोरेटरचे जेट तेवढेच राहते. मिश्रण विरळ होऊन इंजिन तापते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात तर धोका दुहेरी. किनेटिकने १९७२ मध्ये नगरमधून देशाला ‘लुना’ दिली, तिचे इंजिन याच प्रकारचे. त्यात हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमधून जाते, मग सिलिंडरमध्ये. धूळ आली की पहिला तडाखा क्रँकच्या बेअरिंगांना बसतो. चार स्ट्रोकमध्ये ती इनटेक व्हॉल्व्हच्या बैठकीवरून सिलिंडरमध्ये उतरते. शर्यतीच्या गाड्यांतील हलके टायटॅनियमचे व्हॉल्व्ह धुळीने इतके झिजतात की गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागते, आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला तेलाचे हे तत्त्व समजावून सांगावे लागू नये. अनेक ट्रॅक्टरांवर अजूनही ‘ऑईल बाथ’ एअर क्लीनर आहे. हवा मधल्या नळीतून खाली येते, तेलाच्या पृष्ठभागावर आदळून एकदम वर वळते. जड धूळ तेलात बुडते आणि उरलेली वरच्या तेलकट जाळीत अडते. तळाच्या वाटीतील तेल खुणेइतकेच हवे. कमी पडले तर धूळ पुढे जाते. जास्त भरले तर डिझेल इंजिन तेच तेल ओढून घेते आणि चावी बंद करूनही वेग वाढत जाण्याचा प्रसंग येऊ शकतो. नांगरणी, रोटाव्हेटरच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी लागते. तळाशी गाळाचा थर बसला की तेल बदलायचे. घरातला जो माणूस हे काम न चुकता करतो, त्याच्याच मोटारसायकलचा फोम वर्षानुवर्षे कोरडा असतो, असे चित्र अनेक वस्त्यांवर दिसते.

मोटारसायकलसाठी किती दिवसांनी, याला एकच उत्तर नाही. शर्यतीची किंवा डोंगरवाटांवरची धुळकट फेरी झाली की प्रत्येक वेळी. रोज कच्च्या रस्त्याने जाणाऱ्या फोमच्या गाडीला कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवड्यांनी उघडून पाहणे पुरेसे ठरावे. पावसाळ्यात नदीनाल्यातून गाडी घातली असेल, तर त्याच दिवशी, कारण ओल्या फोममधून हवा मिळत नाही. धुतल्यावर उरलेले तेलकट पाणी विहिरीच्या काठी किंवा ओढ्यात ओतू नये. वापरलेले ऑईल गॅरेजमधील डब्यात जमा करता येते.