मुलाचे घर आणि यंत्राचा अंक

इंदुरातील छत्रीबागेत ज्या होळकर घराण्याच्या छत्र्या उभ्या आहेत, त्या घराण्याच्या इतिहासात एका घरचे मूल दुसऱ्या घरी देण्याच्या निर्णयाने संस्थानाचे भवितव्य ठरल्याचे प्रसंग आहेत. १८४४ साली अल्पवयीन तुकोजीराव दुसरे दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा गादीला वारस मिळावा हाच त्या दत्तविधानाचा प्रधान हेतू होता. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने हा क्रम पालटला असून, घराची गरज मागे ठेवून मुलाचे सर्वोत्तम हित पुढे आणले आहे. हे हित आता मशीन लर्निंगच्या साहाय्याने ठरवावे, असा विचार जगात बळावत असताना, त्याभोवती जमलेल्या समजुती पारखून घेणे अगत्याचे वाटते.

आपल्याकडे दत्तक मूल कोणास द्यावयाचे हे संगणकच ठरवितो, ही समजूत पुष्कळांची आहे. ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या ‘केअरिंग्ज’ या संकेतस्थळावर इच्छुक पालकांची नोंद होते हे खरे. परंतु तेथे चालतो तो नोंदणीच्या ज्येष्ठतेचा क्रम आणि माणसांनी लिहिलेले नियम. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नसावी, हा असाच एक नियम. जुन्या उदाहरणांवरून यंत्राने आपण होऊन काही शिकावे, असे त्यात नाही. मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे असल्याचे जाहीर करते ती बाल कल्याण समिती, म्हणजे अध्यक्ष व चार सदस्य. आणि दत्तकाचा अंतिम हुकूम, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा दंडाधिकाऱ्याचा असतो.

खऱ्या अर्थाने शिकणारे यंत्र पाहावयाचे तर अमेरिकेत जावे लागते. पिट्सबर्ग शहर ज्यात मोडते त्या ॲलेगेनी परगण्यात २०१६ च्या ऑगस्टपासून, मुलाच्या हेळसांडीची तक्रार दूरध्वनीवर आली की, एक प्रणाली सरकारी दप्तर चाळून १ ते २० यांमधील एक अंक काढते. हा अंक मूल कोठे ठेवावे ते सांगतो असे मानले जाते. प्रत्यक्षात तो तक्रारीची चौकशी करावी की नाही, एवढ्यापुरताच वापरला जातो. त्याहून मोठी गैरसमजूत ही की, तो अंक मुलाला असलेला धोका मोजतो. तो मोजतो ती, खात्याकडून ते मूल पुढील दोन वर्षांत घरातून हलविले जाण्याची शक्यता. म्हणजे यंत्राने शिकून घेतले ते अधिकाऱ्यांचे पूर्वीचे वर्तन. मूल हलविल्यावर ते सुखी झाले की कोमेजले, हा त्याच्या अभ्यासाचा विषयच नव्हता. पूर्वीचे निर्णय जेथे घाईचे वा आकसाचे असतील, तेथे ती घाई आणि तो आकसही अंकात उतरणार, हे उघड आहे.

वंश किंवा जात यंत्राला सांगितली नाही की ते निःपक्षपाती होते, असेही म्हटले जाते. परंतु सरकारी दवाखाना, तुरुंग, सरकारी मदत यांच्या नोंदींत गरिबाचे आयुष्य पानोपानी सापडते. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्या सधन घरातील व्यसन मात्र त्या दप्तरात येतच नाही. ज्याची नोंद अधिक, तो अधिक संशयित, असा हा न्याय होतो. हीच प्रणाली आपल्या दप्तरांवर बसविली, तर प्रथम कोणाची दारे ठोठावली जातील, हे मला तरी स्पष्ट दिसते.

माणूस केवळ सही करण्यापुरता उरतो, ही भीतीही पूर्णांशाने खरी नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांना ॲलेगेनीविषयी २०२२ मध्ये असे आढळले की, यंत्राचाच शब्द प्रमाण मानला असता तर गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या चौकशीच्या प्रमाणात २० टक्क्यांची तफावत पडली असती; कर्मचाऱ्यांनी आपला विवेक वापरल्यामुळे ती ९ टक्क्यांवर आली. इलिनॉय राज्याने अशीच एक प्रणाली २०१७ च्या अखेरीस सोडून दिली: तिने चार हजारांहून अधिक मुलांना मृत्यू किंवा दुखापतीची नव्वद टक्के वा अधिक शक्यता असल्याचे बजावले होते, आणि काही मुले खरोखर दगावली तेव्हा मात्र इशारा दिला नव्हता. ओरेगॉननेही २०२२ मध्ये आपली प्रणाली थांबविली.

तरीही यंत्र सर्वथा त्याज्य आहे असे मी म्हणणार नाही. विखुरलेली जुनी दप्तरे क्षणात एकत्र आणणे हे काम तक्रार ऐकणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि तेवढ्यापुरते त्याचे साहाय्य मोलाचे ठरेल.

आपल्या कायद्यात बाल कल्याण समितीच्या हुकुमाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालन व प्रायोजकत्वाच्या बाबतीत ते जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाते. उद्या इंदुरात किंवा अन्यत्र एखाद्या मातेचे मूल अशा अंकाच्या आधारे हलविले गेले, तर तो अंक, तो ज्या नोंदींवरून निघाला त्या नोंदी, आणि समितीने तो का मानला याची लेखी कारणे, ही तिन्ही तिच्या हाती अपिलाची मुदत सरण्यापूर्वी पडली पाहिजेत. तशी तरतूद नियमांत होईपर्यंत कोणत्याही समितीपुढे असा अंक ठेवला जाऊ नये.