रक्तातील लोहाचा हिशेब

मालवणचा जांभा लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. आपल्या रक्ताचा लाल रंगही लोहाशीच निगडित आहे. मात्र शरीरात त्याचा हिशेब फार काटेकोर असतो.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून मिळते जेमतेम १ ते २. बाकीचे प्लीहेतील भक्षकपेशी जुन्या रक्तपेशी मोडून परत करतात. या दोन्ही वाटांवरचे दार यकृतातील हेप्सिडिन हे संप्रेरक बंद करते.

रक्तस्राव झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन सोडते. त्यामुळे वाढू लागलेल्या मज्जापेशी एरिथ्रोफेरॉन (शोध २०१४) पाठवून हेप्सिडिन घटवतात आणि दार उघडते. उलट, लोहच कमी पडले तर मज्जा उत्पादन आवरते. पेशी लहान व फिकट होतात.

थॅलॅसेमियाच्या तीव्र प्रकारात हाच संवाद घातक ठरतो. अपक्व पेशी मज्जेतच मरतात, पण लोहाची मागणी चालूच राहते. रक्तक्षय असूनही यकृतात व हृदयात लोह साचते. म्हणून लोहाच्या गोळ्यांनी विद्यार्थ्याला गुण आला नाही, तर आपल्या मनाने गोळ्या वाढवू नयेत. आधी रक्त तपासून घ्यावे.