अजिनोमोटो अपायकारक आहे काय ?

तालुक्याच्या गावी चायनीजच्या गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि लग्नकार्यांत आचारी मंडळी रश्शात एक पांढरी, चकाकणारी भुकटी टाकू लागली, तेव्हापासून ‘अजिनोमोटो’ हे नाव घरोघर झाले आहे. ही भुकटी म्हणजे विष असून तिने मेंदू बिघडतो, असे कित्येकजण सांगतात. कित्येकजण ती बेधडक चमच्याने ओततात. खरे काय, याचा शांतपणे विचार व्हावा म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. अर्ज आला म्हणजे आरोप शाबीत झाला असे होत नाही, आणि मोजणी केल्याखेरीज हद्द ठरत नाही, हे तेथे पक्के समजले. त्याच रीतीने या प्रकरणाचे दप्तर आपण उलगडून पाहू.

प्रथम वस्तू कोणती ते पाहू. सन १९०८ मध्ये तोक्यो येथील विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी ‘कोम्बू’ नावाच्या समुद्रवनस्पतीच्या काढ्यातून, त्यास रुची आणणारा घटक वेगळा केला. तो घटक ग्लुटामिक आम्लाचा होता. गोड, आंबट, खारट व कडू यांहून निराळ्या अशा या चवीस त्यांनी ‘उमामी’ हे नाव दिले. या आम्लाचा सोडियमशी संयोग होऊन जो क्षार बनतो, तोच मोनोसोडियम ग्लुटामेट. सन १९०९ पासून तो ‘अजिनोमोटो’ या व्यापारी नावाने विकला जाऊ लागला, आणि पुढे आपल्याकडे तेच नाव त्या वस्तूस चिकटले.

आरंभी हा क्षार गव्हातील चिकट प्रथिनापासून काढीत असत. सन १९५६ च्या सुमारास जपानात हे आम्ल निर्माण करणारा एक सूक्ष्म जंतू सापडला. दुधास विरजण लावावे त्याप्रमाणे या जंतूच्या साहाय्याने साखर व स्टार्च आंबवून आता हा माल तयार होतो. त्यास उसाची मळी, मका, अगर साबुदाणा ज्यापासून होतो तो कंद, असा कच्चा माल लागतो. म्हणजे ज्यास आपण परदेशी रसायन म्हणून भितो, त्याचे मूळ आपल्यासारख्यांच्याच उसाच्या फडात आहे.

शिवाय ग्लुटामिक आम्ल आपल्या आहारास नवे नाही. गव्हाच्या प्रथिनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेच असते. डाळी, दूध, मांस यांतही ते आहे. पिकलेल्या टोमॅटोत ते सुटे असते, म्हणूनच कच्च्या फळापेक्षा पक्क्या फळाची रुची भरदार लागते. मातेच्या दुधात तर ते गाईच्या दुधाच्या कित्येक पट असते. पोटात गेल्यावर ते टोमॅटोतून आले की पुडीतून, हा भेद शरीर करीत नाही. त्याचा बहुतेक भाग आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात. रक्तात थोडाच पोचतो.

परंतु नैसर्गिक म्हणून निर्दोष, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तंबाखूही शेतातच पिकते. तेव्हा आरोप कोणी व कशावरून केला, हेच तपासले पाहिजे.

पहिला आरोप सन १९६८ चा. अमेरिकेत राहणारे डॉक्टर रॉबर्ट हो मान क्वोक यांनी तेथील एका वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहिले की, चिनी खानावळीत जेवल्यावर मानेस बधिरता, अशक्तपणा व छातीत धडधड असे त्रास होतात. त्यांनी मद्य, मीठ, ही भुकटी इत्यादींवर केवळ संशय घेतला होता. निकाल दिला नव्हता. लोकांनी मात्र बाकीचे संशयित सोडून दिले व एकट्या भुकटीस आरोपी ठरविले.

दुसरा आरोप सन १९६९ चा. जॉन ओल्नी या शास्त्रज्ञांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या कातडीखाली हा क्षार टोचला, तेव्हा त्यांच्या मेंदूस इजा झाली. प्रयोग खरा होता. पण मात्रा शरीरभाराच्या दर किलोस अर्धा ते चार ग्रॅम इतकी होती. साठ किलोच्या मनुष्यास हा हिशेब लाविला तर तीस ते दोनशे चाळीस ग्रॅम होतात, आणि तेही खाऊन नव्हे, तर टोचून. जेवणातल्या चिमटीस या प्रयोगाचा निकाल जसाच्या तसा लागू करणे म्हणजे महापुराचा पंचनामा पाटाच्या पाण्यास जोडण्यासारखे आहे.

पुढे रीतसर चौकशी झाली. सन १९९५ मध्ये अमेरिकन सरकारकरिता झालेल्या परीक्षणात असे दिसले की, काही माणसांनी अन्नाशिवाय तीन ग्रॅम वा अधिक क्षार घेतला, तर त्यांस थोडा वेळ डोकेदुखी, बधिरता यांसारखा त्रास होऊ शकतो. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ‘आम्हांस ही भुकटी बाधते’ असे म्हणणाऱ्या १३० माणसांस, कोणती पुडी खरी व कोणती खोटी हे न कळू देता, दोन्ही दिल्या; तरी पुन्हा पुन्हा सारखाच परिणाम असा दिसून आला नाही. आता ही भुकटी घातलेल्या पदार्थाच्या एका वाढणीत सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून कमीच क्षार असतो.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने सन १९८७ मध्ये या क्षारास आकड्यांची मर्यादा आवश्यक मानली नाही. परंतु युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने सन २०१७ मध्ये दररोज शरीरभाराच्या दर किलोस ३० मिलिग्रॅम, ही मर्यादा सुचविली. साठ किलोच्या मनुष्यास ती १.८ ग्रॅम येते. पंधरा किलोच्या बालकास मात्र अवघी ०.४५ ग्रॅम. जे मूल नूडल्स, मसालेदार कुरकुरीत पुड्या व गाडीवरचे पदार्थ नित्य खाते, त्याची मर्यादा मोठ्या माणसाच्या आधी ओलांडली जाईल हे उघड आहे. एक वर्षाच्या आतील मुलास तर असे पदार्थ मुळीच देऊ नयेत.

आमच्या मते खरी काळजी करण्याजोगी वस्तू तिच्या शेजारी बसली आहे, ती म्हणजे मीठ. मिठात सोडियम शेकडा ३९ असते, या भुकटीत शेकडा १२. अर्ध्या ग्रॅम भुकटीतून ६० मिलिग्रॅम सोडियम येते. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, मिठातून सुमारे दोन हजार मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसास पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. पापड, लोणचे, फरसाण खाणाऱ्या घरांत ते सहज अधिक होते. अधिक मिठाने रक्तदाब वाढतो, व त्यातून हृदयविकार आणि पक्षाघात उद्भवतात, हे निर्विवाद आहे. भुकटी घालून मीठ कमी केले तर सोडियम घटते. मीठ तितकेच ठेवून वर भुकटी घातली तर वाढते.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. पुडीवरील मजकूर वाचावा. ६२१ हा क्रमांक म्हणजे हाच क्षार. खाल्ल्यावर आपणांस वारंवार त्रास होत असेल तर ती वस्तू वर्ज्य करावी. शिळ्या व निकृष्ट अन्नास रुचकर करण्यासाठी तिचा वापर होत असेल, तर दोष त्या अन्नाचा जाणावा. आणि पुढील कार्यात आचाऱ्यास भुकटीविषयी विचाराल, तेव्हा मिठाचे मापही विचारण्यास विसरू नये.