बॅटरी बदलण्याआधी

पडद्यावर ८४ टक्के, मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट. दोन्ही आकडे एकाच बॅटरीचे आणि एकाच मिनिटाचे, पण दोन्ही खरे असणं शक्य नव्हतं. शिसे-आम्लाची १२ व्होल्टची बॅटरी काही तास भाराविना पडून राहिली, तर पूर्ण भरलेली असताना १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.९ च्या खाली गेली की तिची आणखी परीक्षा पाहू नये. १२.१ दाखवणारी बॅटरी चौऱ्याऐंशी टक्के भरलेली असूच शकत नाही.

स्कॉटलंडमधल्या एव्हिमोरजवळ, ऑक्टोबरातल्या सकाळी हा हिशेब चालला होता. आमची कॅम्परव्हॅन २०१७ ची, डिझेलची, आधीच्या मालकाने कुणाकडून तरी आतून बांधून घेतलेली. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची. दुसरी फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप आणि डिझेल हीटर यांच्यासाठी. तिला इथे लेझर (leisure, म्हणजे फुरसतीची) बॅटरी म्हणतात, आमच्या बोलण्यात ती ‘घराची बॅटरी’ झाली आहे. रात्रभर फ्रिज चालून घराची बॅटरी उतरली तरी सकाळी सेल्फ मारता यावा, यासाठी ही फारकत. आमची घराची बॅटरी १०० अँपिअर-तासांची, एजीएम प्रकारची, म्हणजे सीलबंद. सोबत बाबा होते. त्यांची नोकरी एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून झाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ग्रॅव्हिटी किती?” सीलबंद बॅटरीत आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर बुडवायला जागाच नसते, हे ऐकून ते जरा नाराज झाले. “मग हिच्या पोटातलं कळायचं कसं?”

कळायला तीन गोष्टी लागतात: व्होल्टेज, प्रवाह आणि वेळ. पैकी एकट्या व्होल्टेजवर विसंबणाऱ्याला बॅटरी हमखास फसवते. नुकतं चार्जिंग काढलं असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावरच्या प्रभारामुळे अर्धी बॅटरीही १३ च्या आसपास दिसते. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असेल तर चांगली बॅटरीही खाली वाकते. म्हणून आम्ही रात्री फ्रिज बंद केला, हीटर बंद केला, रजया वाढवल्या आणि सकाळी चहाच्या आधी मीटर लावला. चहा गॅसवर होतो, त्याला बॅटरी लागत नाही; पण बाबांनी मोजल्याशिवाय चहा घेतला नाही.

टक्केवारी दाखवणारा पडदा व्होल्टेज बघून बोलत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंट नावाची धातूची पट्टी बसवलेली असते. तिचा रोध माहीत असतो: ५०० अँपिअर वाहिले तर ५० मिलिव्होल्ट. या इवल्याशा व्होल्टेजवरून किती आत गेलं, किती बाहेर आलं याची बेरीज-वजाबाकी होते. ही वाण्याची उधारीची वही समजा. लिहिलं गेलं तेवढंच तिला माहीत. झाकण काढून बघितलं, तर हीटरची काळी वायर शंटला वळसा घालून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आवळलेली. डिझेल हीटर सुरू होताना ग्लो प्लगसाठी काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो, मग रात्रभर एकेक अँपिअर. हा सगळा खर्च वहीबाहेर चालला होता. बॅटरीच्या टर्मिनलवर शंटखेरीज दुसरी एकही काळी वायर नको, हा नियम प्रत्येक माहितीपत्रकात असतो. ज्याने ही गाडी बांधली त्याच्या हातात त्या दिवशी ते नसावं. दहाच्या पान्याने वायर काढून शंटच्या पलीकडे लावली. पडदा आता खोटं बोलणार नव्हता. बॅटरी मात्र अजून अर्धीच होती.

आदल्या दिवशी आम्ही चार तास गाडी चालवली होती. एवढ्या वेळात ती भरायला हवी होती. त्याच्या आदल्या दिवशी तेवढंच चाललो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी १२.६ मिळाले होते. ओळखीतल्या प्रत्येकाचा सल्ला एकच: बॅटरी गेली, नवी घ्या. मला हा सल्ला पटत नाही. बॅटरी मरते तेव्हा ती बहुतेक वेळा उपाशी राहून मेलेली असते. तिच्यापर्यंत पोहोचणारी वाट कोणी तपासत नाही. नवी आणली की तीही त्याच उपासाला लागते.

बॅटरी भरायच्या वाटा तीन. धावत्या इंजिनाचा अल्टरनेटर, छतावरचं सोलर पॅनेल, आणि कॅम्पसाइटवर निळ्या प्लगने मिळणारी २३० व्होल्टची वीज. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क पायी येणाऱ्याला आहे, मोटारीला नाही. त्यामुळे आम्ही परवानगीच्या छोट्या जागा शोधतो आणि तिथे निळा प्लग क्वचितच असतो. दोष शोधताना एका वेळी एकच वाट उघडी ठेवायची, नाहीतर कोणाचं श्रेय कोणाला जातंय ते कळत नाही. सोलर आधी पॅनेलच्या बाजूने सोडवलं, मग रेग्युलेटरचा फ्यूज काढला. क्रम उलटा केला तर रेग्युलेटर बॅटरीविना पॅनेलच्या तोंडी सापडतो.

मग बाबांनी मागच्या सीटवर मल्टिमीटर घेऊन बैठक मारली आणि मी गाडी चालवली. दर थोड्या वेळाने ते आकडा ओरडायचे, “बारा चार. बारा तीन. अगं, डायनॅमो चालू आहे ना?” डायनॅमो चालू होता. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आकडा उसळायचा, घराच्या बॅटरीजवळच्या रिलेचा ‘टक’ असा आवाज यायचा आणि बाबा आनंदाने “चौदा!” म्हणायचे. चढ लागला की पुन्हा टक, पुन्हा बारा तीन.

पाऊस सुरू झाला तेव्हा गंमत कळली. मी हेडलाइट आणि वायपर लावले आणि आकडा वर जाऊन तिथेच थांबला. परवाच्या प्रवासात दिवसभर पाऊस होता. काल लख्ख ऊन.

एसटीच्या जुन्या गाड्यांत अल्टरनेटर इंजिन चालू आहे तोवर ठरावीक व्होल्टेज देत राहतो. युरो ६ च्या काळातल्या गाड्यांत तसं उरलेलं नाही. इंधन वाचावं, कार्बन डायऑक्साइडचा आकडा कमी यावा म्हणून गाडीचा संगणक अल्टरनेटरला लगाम घालतो. इंजिनाची बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असेल तर सपाट रस्त्यावर व्होल्टेज साडेबाराच्या आसपास सोडून देतो. वेग कमी होताना फुकटची ऊर्जा मिळते तेव्हा १४-१५ पर्यंत चढवतो. दिवे, वायपर असा भार पडला की पुष्कळ गाड्यांत तो व्होल्टेज धरून ठेवतो. इंजिनाच्या बॅटरीपुरता हा शहाणपणा बरोबरच आहे. मागच्या सीटखाली आणखी एक बॅटरी भुकेली बसली आहे, हे त्या संगणकाला कोणी सांगितलेलंच नसतं. आमच्या गाडीतला रिले व्होल्टेज ओळखून जोडणारा होता: १३.३ च्या वर दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, १२.८ च्या खाली तोडायच्या. कोरड्या दिवसांत तो बहुतेक वेळ तुटलेलाच राहायचा.

एवढ्यावर शोध थांबवता आला असता. पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. गाडी उभी करून, इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून त्यांनी पुढच्या बॅटरीवर मोजलं: १४.३. मागच्या बॅटरीवर: १३.६५. रिले जोडलेला, क्लॅम्प मीटरवर १५ अँपिअर. “साठ-पासष्ट पॉइंट कुठे खाल्ले?” ते म्हणाले.

शून्य पॉइंट पासष्ट व्होल्ट ऐकायला काहीच नाही. पण एजीएम बॅटरीला पोटभर जेवायला साधारण १४.४ लागतात. १३.६ हा भरलेल्या बॅटरीला नुसतं टिकवून धरायचा आकडा. त्यावर शेवटचे वीस टक्के भरायला दिवस जाईल, आणि गाडी तर दुपारी थांबते. अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक बसतात, घट्ट होतात, आणि मग ते पुन्हा विरघळत नाहीत. क्षमता जाते ती अशी.

खाल्लेलं व्होल्टेज शोधायची रीत सोपी आहे आणि तरी फार कमी लोक ती वापरतात. मीटरचं एक टोक पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं मागच्या पॉझिटिव्हवर, मध्ये लांब वायर. प्रवाह वाहत असतानाच मोजायचं. प्रवाह नसेल तर गंजलेला जोडही शून्यच दाखवतो. पॉझिटिव्हच्या वाटेवर ०.२० मिळाले. चार मीटर लांब, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १५ अँपिअरला ०.१ खातेच, बाकीचे दोन फ्यूज आणि रिलेचे. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मग निगेटिव्ह ते निगेटिव्ह: ०.४५.

“अर्थिंग,” बाबा म्हणाले. ते हे सकाळपासून म्हणत होते. डेपोत आलेल्या दहा तक्रारींपैकी निम्म्या अर्थिंगच्या, हा त्यांचा अंदाज. आकडेवारी त्यांच्या मनातली असली तरी तिच्यावर माझा विश्वास बसू लागला होता. मागच्या बॅटरीची काळी वायर सीटच्या पायाजवळ एका बोल्टने बॉडीला जोडलेली होती. बोल्टला हात लावला, तर चांगला कोमट. पंधरा अँपिअर गुणिले पॉइंट पंचेचाळीस, म्हणजे पावणेसात वॅट त्या एका बोल्टपाशी जळत होते. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडलं, हातातली अंगठी काढली, मग बोल्ट उघडला. थिंबलखाली बॉडीचा रंग जसाच्या तसा. वीज जात होती ती बोल्टच्या आट्यांतून, आणि आट्यांना गंज. रंग खरवडून पत्रा चमकवला, थिंबल घासलं, दातेरी वॉशर घातला, आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.०४. बाबांनी आकडा मोठ्याने वाचला आणि मग चहा मागितला.

संगणकाच्या शहाणपणावर मात्र वॉशर चालत नाही. तिथे रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागला, तोही घरी परतल्यावर. समोरून साडेबारा येवोत की पंधरा, हा पलीकडे आपल्या हिशेबाने १४.४ देतो आणि बॅटरी भरली की १३.६ वर उतरतो. बॅटरी १०० ची, म्हणून चार्जर २० अँपिअरचा घेतला. विकणारे २० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहितात, पण तो बाहेर पडणारा प्रवाह. आत ओढताना, पुढे साडेबाराच असतील आणि कार्यक्षमता नव्वद टक्के धरली, तर पंचवीसहून जास्त अँपिअर लागतात. वायर आणि फ्यूज त्या आकड्यावर ठरवायचे. तीसेक वॅट उष्णता निघते, तेव्हा त्याला ब्लँकेटच्या कपाटात कोंडू नये. आणि त्याला इग्निशनची एक बारीक वायर द्यायची. ती नसेल तर इंजिन बंद असतानाही तो पुढची बॅटरी मागच्या बॅटरीत ओतू शकतो.

सोलरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. जूनमध्ये ते एकटं फ्रिज सांभाळतं. डिसेंबरात एव्हिमोरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर येतो, पुण्यात त्याच दिवशी ४८. छतावर आडव्या ठेवलेल्या पॅनेलला नऊ अंशांतून काय मिळणार! उलट सोलरमुळे पडदा आणखी एका प्रकारे फसतो. व्होल्टेज वर आणि प्रवाह अगदी कमी, असं काही मिनिटं दिसलं की तो बॅटरी पूर्ण भरली असं समजून १०० वर उडी मारतो. बॅटरी चढत असताना ढग आला तरी प्रवाह कमी होतो. म्हणून पडद्याच्या सेटिंगमध्ये ‘भरलेली’ मानायचं व्होल्टेज आम्ही १३.२ वरून १४.१ वर नेलं.

उरला प्रश्न इतक्या उपासानंतर बॅटरीत काय शिल्लक आहे त्याचा. घरच्या विजेवर ती पूर्ण भरली, रात्रभर शांत ठेवली आणि हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावला. साधारण साडेचार अँपिअर. आठ तासांनी काढला, पुन्हा शांत ठेवली. मीटरवर १२.२. म्हणजे ३६ अँपिअर-तासांत निम्मी संपली. लेबलवर १०० लिहिलं असलं तरी पोटात बहात्तरच्या आसपास. बाबांच्या मते अजून दोन वर्षं सहज. त्यांच्या डेपोत उणे पाच तापमान कधी नव्हतं; थंडीत हे बहात्तरही आणखी आक्रसतात आणि हीटर तेव्हाच जास्त मागतो. उन्हाळाभर हीच चालवायची आणि पुढच्या हिवाळ्याआधी बदलायची, असं ठरलं. लिथियमचा मोह होता, पण शून्याखाली ती चार्ज करता येत नाही आणि आमची गाडी जानेवारीत अंगणात बर्फात उभी असते. तापवणारी पट्टी असलेली लिथियम मिळते, मात्र ती पट्टी ज्या विजेवर तापणार ती जानेवारीत आणायची कुठून? पुन्हा एजीएमच घेणार. फक्त या वेळी नॅशनल कॅरॅव्हॅन कौन्सिलच्या वर्गवारीतला ‘ए’ बघून, म्हणजे निळ्या प्लगशिवाय राहणाऱ्यांसाठीची. बाबांनी तिची लांबी-रुंदी आत्ताच मोजून ठेवली आहे. सीटखालच्या खोक्यात उंचीला दीड सेंटिमीटर कमी पडतंय.