खवले घाला, बिनधास्त वाका!

बाइकवरून ऑफिसला जाता? मग हा प्रॉब्लेम तुमचाच. जाड ग्लोव्ह्ज घातले की सेफ वाटतं, पण क्लच धरायची पंचाईत. पातळ घातले की बोटं मोकळी, पण पडलात तर रस्त्यावरची खडी तळवे सोलून काढणार. थोडक्यात काय, संरक्षण आणि मोकळेपणा एकत्र मिळत नाही, असं आपण धरूनच चालतो.

माशांना मात्र दोन्ही मिळालंय. बाजारात रोहू साफ करताना उडणारे खवले आठवा. एकेक खवला कडक, पण मासा कसा सळसळता! अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला आरापायमा तर पिरान्हांच्या शेजारीच राहतो. त्याच्या खवल्याचा वरचा थर खनिजांमुळे टणक, तर आत कोलॅजेनचे तंतू. तेही प्लायवूडसारखे थरावर थर, प्रत्येक थराची दिशा वेगळी. त्यामुळे वर तडा गेला तरी तो आत पसरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मार्क मेयर्स यांच्या टीमने यंत्राने पिरान्हाचा दात या खवल्यावर दाबून पाहिला. दात थोडा रुतला, पण आरपार जाण्याआधीच तडकला!

हीच आयडिया इस्राएलच्या टेक्निऑनमधल्या स्टीफन रुडिख यांनी उचलली. मऊ मटेरियलमध्ये एकमेकांवर येणारे कडक खवले, तेही थ्रीडी प्रिंटरवर छापलेले. २०१५ साली जाहीर झालेला हिशेब असा: भेदायला ४० पट कठीण, लवचीकपणा मात्र फक्त ५ पट कमी. शिवाय खवल्यांची मांडणी बदलली की छातीवर कडक, कोपरावर मऊ, असं हवं तसं करता येतं.

आपल्या कोकणातही असा एक चिलखतवाला आहे: खवल्या मांजर. धोका दिसला की अंगाचा चेंडू करतो, बस्स. त्याचे खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांचंच मटेरियल. या खवल्यांचं हिंदुस्थानी चिलखत १८२० साली थेट इंग्लंडच्या राजासाठी भेट म्हणून गेलं होतं. आज त्याच खवल्यांसाठी, औषधी गुणांच्या भाबड्या समजुतीपायी, त्याची शिकार होते. त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून बंदी आहे, तरी तस्करी थांबलेली नाही. वाघाच्या दातांपुढे टिकणारं हे चिलखत माणसापुढे कुचकामी ठरतं, कारण चेंडू झालेला प्राणी सरळ उचलून पिशवीत टाकता येतो.

तेव्हा मंडळी, कॉपी करायचीच तर डिझाइनची करूया. खवले ज्याचे त्याच्याच अंगावर शोभतात!